परग्रहावरील जीवसृष्टी आणि वऱ्हाडातील इंग्रजीचा वर्ग

१

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याने परग्रहावरील जीवसृष्टीविषयी तर्क करावा, ही सूचना प्रथमदर्शनी विषयांतराची वाटते. जीवसृष्टीचा प्रश्न खगोलशास्त्राचा आणि जीवशास्त्राचा. साहित्याच्या वर्गात फार तर एखादी विज्ञानकथा विरंगुळा म्हणून वाचावी, असा समज रूढ आहे. परंतु ह्या समजालाही एक इतिहास आहे. ज्या वाङ्मयाचा अभ्यास हा विद्यार्थी करतो, त्या वाङ्मयात परग्रहांवरील वसतीचा प्रश्न निदान तीन शतके गांभीर्याने चर्चिला गेलेला आहे. तेव्हा हा प्रश्न साहित्याबाहेरचा ठरला कसा, आणि तर्क करण्याचे काम कोणाचे व तर्काचा विषय होण्याचे काम कोणाचे ही वाटणी झाली कशी, ह्याचा शोध घेणे प्राप्त आहे.

वऱ्हाड हे ह्या शोधाचे योग्य क्षेत्र होय. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम ह्या जिल्ह्यांत इंग्रजीचे अध्यापन ज्या परिस्थितीत रुजले, तिच्यात 'परका कोण' हा प्रश्न प्रारंभापासूनच दडलेला होता. आणि ह्याच प्रदेशातील लोणार येथे आकाशातून आलेल्या एका वस्तूचा ठसा काळ्या खडकावर उमटलेला आहे. साहित्य आणि भूगोल ह्यांची अशी गाठ सहसा पडत नाही.

'तर्क' ही संज्ञा येथे विशिष्ट अर्थाने योजिली आहे. डार्को सुविन ह्यांनी 'मेटामॉर्फोसीस ऑफ सायन्स फिक्शन' (१९७९) ह्या ग्रंथात विज्ञानसाहित्याचे लक्षण 'ज्ञानात्मक अपरिचितीकरण' असे केले. अपरिचितीकरणाची कल्पना श्क्लोव्हस्कीच्या १९१७ मधील निबंधापासून समीक्षेला परिचित आहे; सुविन ह्यांनी तिला ज्ञानात्मकतेची अट घातली. परिचित जग अपरिचित करून दाखविणे परीकथेलाही साधते. परंतु एक नवा घटक गृहीत धरून त्याचे परिणाम सुसंगतपणे पाहात जाणे, आणि त्या वाटेने आपल्याच जगाकडे परत येणे, ही क्रिया बुद्धीची आहे. येथे तर्क म्हणजे ही क्रिया. ती शिकविता येते, म्हणूनच ती शिकविली जाते की नाही हा प्रश्न अर्थपूर्ण ठरतो.

२

मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' ह्या महाकाव्याच्या बारा सर्गांच्या आवृत्तीत (१६७४) आठव्या सर्गात ॲडम हा राफाएल ह्या देवदूताला ग्रहगोलांच्या गतीविषयी प्रश्न विचारतो. देवदूत पृथ्वीकेंद्री आणि सूर्यकेंद्री अशा दोन्ही व्यवस्था त्याच्यापुढे ठेवतो, चंद्रावर भूमी असल्यास तेथे शेते आणि रहिवासीही असू शकतील अशी शक्यता स्वतःच सूचित करतो, आणि अखेरीस अन्य लोकांत कोणते जीव नांदतात ह्या विचारात न गुंतता वाट्याला आलेल्या जगात संतुष्ट राहण्याचा उपदेश करतो. ह्या प्रसंगातील विसंगती लक्षणीय आहे. ज्या तर्काचा निषेध करावयाचा, तो तर्क आधी निषेध करणाऱ्यालाच मांडावा लागतो. गॅलिलिओला प्रत्यक्ष भेटलेल्या आणि काव्यात त्याचे नाव घेणाऱ्या कवीला दुर्बिणीने उघडलेली शक्यता पुन्हा मिटविणे शक्य नव्हते. आपल्याकडील महाविद्यालयांत हे महाकाव्य नेमले गेले तेव्हा पुष्कळदा पहिला किंवा दुसरा सर्गच नेमला गेला. सैतानाचे वक्तृत्व विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झाले. ॲडमची जिज्ञासा बहुधा बाहेरच राहिली.

मिल्टननंतर हा प्रश्न अध्यापनाच्या रूपातच पुढे आला. फोंतनेल ह्या फ्रेंच लेखकाच्या १६८६ मधील संवादग्रंथात एक तत्त्वचिंतक रात्रीच्या उद्यानात एका सरदारपत्नीला अनेक जगांविषयी शिकवितो. १६८८ मध्ये ॲफ्रा बेन हिने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ह्या ग्रंथात शिक्षक उत्तरे देत असला तरी शिष्या शंका घेते, आणि संवादाची गती तिच्या शंकांवर अवलंबून असते. परग्रहावरील जीवनाची चर्चा ही अशा प्रकारे आरंभापासूनच एक शिक्षणपद्धती होती.

एकोणिसाव्या शतकात ह्या चर्चेने धर्मशास्त्राचे रूप घेतले. स्कॉटिश धर्मोपदेशक टॉमस चामर्स ह्यांची आधुनिक खगोलशास्त्र आणि ख्रिस्ती प्रकटीकरण ह्यांच्या संबंधावरील प्रवचने १८१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. विश्वात असंख्य वसलेली जगे असल्यास ह्या क्षुद्र पृथ्वीसाठी ईश्वराने अवतार का घ्यावा, ह्या आक्षेपाला त्यांत उत्तर होते. हेच चामर्स १८४३ मध्ये स्थापन झालेल्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पहिले अध्यक्ष झाले. आणि त्याच चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली. पुढे त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये उभे राहिले. हिस्लॉप स्वतः भूशास्त्राचे व्यासंगी होते. दख्खनच्या काळ्या खडकाच्या थरांमध्ये सापडणाऱ्या जीवाश्मांचा त्यांनी अभ्यास केला. ज्या परंपरेतून हे शिक्षण नागपुरात आले, तिच्यात ताऱ्यांपलीकडील जीवनाविषयी आणि खडकांतील लुप्त जीवनाविषयी विचार करणारी माणसे होती, एवढे निश्चित म्हणता येते.

१८५३ हे वर्ष येथे थांबण्यास भाग पाडते. त्या वर्षी केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल ह्यांनी अनेक जगांच्या कल्पनेचे खंडन करणारा ग्रंथ निनावी प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी डेव्हिड ब्रूस्टर ह्यांनी त्याला ग्रंथरूपानेच उत्तर दिले. ह्याच १८५३ मध्ये निजामाने तहान्वये वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. पृथ्वीखेरीज अन्यत्र बुद्धिमान जीव आहेत की नाहीत ह्यावर इंग्लंडमध्ये वाद रंगला असताना, त्या इंग्लंडला एक नवा मुलूख आणि त्यातील माणसे समजून घेण्याचे काम मिळाले होते. दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु अपरिचित प्राण्याविषयी अनुमान करण्याची जी बौद्धिक सवय पहिल्या वादात दिसते, तीच दुसऱ्या क्षेत्रात कारभाराचे साधन झाली.

३

आल्फ्रेड कॉमिन लायल हे १८६७ मध्ये पश्चिम वऱ्हाडचे आयुक्त झाले. त्या विभागाचे मुख्य ठाणे अकोला. त्यांनी संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. ह्या प्रदेशाचा कापूस, जमीन, जाती, देवस्थाने आणि इतिहास ह्यांची मांडणी करणारा हा ग्रंथ आजही संशोधकांना टाळता येत नाही. परंतु लायल केवळ नोंदी करणारे अधिकारी नव्हते. वऱ्हाडातील निरीक्षणांवर त्यांनी एका भारतीय प्रांतातील धर्मजीवनाविषयी जो निबंध लिहिला, तो 'एशियाटिक स्टडीज' (१८८२) ह्या त्यांच्या ग्रंथात समाविष्ट आहे. एका वृद्ध पेंढाऱ्याच्या तोंडी घातलेली त्यांची कविता प्रसिद्ध आहे. वामदेव शास्त्री ह्या कल्पित पंडिताच्या नावानेही त्यांनी लेखन केले. स्वतः परका असलेला हा अधिकारी एतद्देशीयाच्या मनात शिरून तेथून इंग्रजी राज्य कसे दिसत असेल ह्याचा तर्क करीत होता. सुविन ह्यांच्या परिभाषेत हेही अपरिचितीकरणच होते.

गौरी विश्वनाथन ह्यांनी 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' (१९८९) मध्ये दाखवून दिले आहे, की इंग्रजी साहित्य हा विषय इंग्लंडमध्ये रुळण्यापूर्वी भारतात संस्थारूप पावला आणि त्यामागे राज्यकर्त्यांचे प्रयोजन होते. त्यांच्या प्रतिपादनाला वऱ्हाडच्या संदर्भात एक पुस्ती जोडता येते. अकोल्याच्या आयुक्ताला येथील माणसाच्या मनाविषयी तर्क करण्याची मुभा होती, किंबहुना ते त्याच्या कर्तव्याचा भाग होते. इंग्रजी शिकणाऱ्या येथील विद्यार्थ्याकडून मात्र अपेक्षा होती ती रसग्रहणाची, सारांशाची, संदर्भासहित स्पष्टीकरणाची. संहितेचा अर्थ आधीच निश्चित झालेला असे. तो आत्मसात करणे एवढेच शिल्लक राही.

वऱ्हाडातील विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी दीर्घ काळ बाहेर जावे लागे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे मुंबईला शिकले. पुढील पिढ्यांना नागपूर जवळचे झाले. १९२३ मध्ये अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, जे पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. अमरावतीला स्वतःचे विद्यापीठ मिळावयास १९८३ उजाडले. त्याला पुढे संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. ह्या साठ वर्षांत राज्य बदलले, माध्यम बदलले, विद्यार्थ्यांचा सामाजिक स्तर विस्तारला. शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची मुले इंग्रजीच्या वर्गात आली. प्रश्नपत्रिकेची घडण मात्र त्या मानाने फारच थोडी बदलली. मार्गदर्शिकांचा बाजार ह्या घडणीवरच उभा राहिला. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते, त्याचेच तयार उत्तर विकता येते.

४

एच. जी. वेल्स ह्यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) ही कादंबरी ह्या पार्श्वभूमीवर वाचली की तिचा अन्वयार्थ पालटतो. मंगळावरील जीव इंग्लंडवर उतरतात आणि साम्राज्याची राजधानी उद्ध्वस्त करतात. आरंभीच निवेदक आपल्या वाचकाला बजावतो, की ह्या जीवांना क्रूर ठरविण्यापूर्वी युरोपियांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचे काय केले ते आठवावे. इंग्रज वाचकाला ही तुलना धक्का देते, कारण तो प्रथमच मारल्या जाणाऱ्याच्या जागी उभा राहतो. अमरावतीच्या वाचकाला त्या जागी नव्याने उभे राहावे लागत नाही. त्याला वेगळाच प्रश्न पडू शकतो : मंगळावरील जीवांनी गॅझेटियर लिहिले असते तर त्यात काय आले असते? वेल्स ह्यांनी ह्या जीवांना अपार बुद्धी दिली, दूरवरून पृथ्वीचे निरीक्षण करण्याची शक्ती दिली. परंतु माणसाच्या मनाविषयी कुतूहल दिले नाही. लायल ह्यांच्यासारखा जिज्ञासू अधिकारी त्यांच्यात एकही नाही. कादंबरीतील ही उणीव दाखविण्यास वऱ्हाडचा वाचक अधिक समर्थ आहे, कारण जिज्ञासा आणि सत्ता हातात हात घालून आलेल्या त्याच्या पूर्वजांनी पाहिल्या आहेत.

तथापि वऱ्हाडचा वाचक म्हणजे एकसंध वाचक नव्हे. मेळघाटातील कोरकू विद्यार्थी ह्याच वर्गात बसतो. त्याची मातृभाषा मुंडा कुलातील आहे. इंग्रजी तर दूरच, पण प्रमाण मराठीही त्याच्याकडे बाहेरून आलेली आहे. टास्मानियाचा उल्लेख वाचताना त्याच्या मनात उतरणारे यान बोटीने आलेल्या इंग्रजाचेच असेल असे नाही. सपाटीवरून डोंगरात आलेल्या सावकाराचे किंवा वनखात्याच्या चौकीचेही असू शकेल. परग्रहवासीयाची प्रतिमा समीक्षेला उपयुक्त ठरते ती येथेच. तिला आधीपासून कोणाचाही चेहरा चिकटलेला नसल्यामुळे प्रत्येक वाचकाला आपल्या अनुभवातील 'परका' तिच्यात पाहता येतो, आणि कधी कधी त्या चेहऱ्यात स्वतःलाही ओळखता येते.

५

इंग्रजीचा वर्ग ज्या काळी ह्या तर्कापासून दूर होता, त्याच काळी मराठी नियतकालिकांनी त्याला आश्रय दिला होता. 'केरळ कोकिळ' मासिकाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेचे मराठी रूप प्रसिद्ध केले. श्री. बा. रानडे ह्यांची 'तारेचे हास्य' १९११ मधील. पुढे १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकर ह्यांनी नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. 'यक्षांची देणगी' हा त्यांचा संग्रह १९७९ मध्ये निघाला. परतवाड्यात जन्मलेल्या अरुण साधू ह्यांनी राजकीय कादंबऱ्यांच्या जोडीने 'विप्लवा' ही विज्ञानकादंबरी लिहिली. अमरावती जिल्ह्याशी असे नाते असलेला लेखक त्या जिल्ह्यातील इंग्रजीच्या विद्यार्थ्याला तुलनात्मक अभ्यासासाठी सहज हाताशी आहे.

नारळीकरांचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल ह्यांनी 'द ब्लॅक क्लाउड' (१९५७) ह्या कादंबरीत अंतराळातील एका बुद्धिमान मेघाची कल्पना केली होती, आणि पुढे जीवनाचे बीज पृथ्वीबाहेरून आले असावे असे प्रतिपादनही केले. नारळीकरांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून बलून सोडून वातावरणाच्या उंच थरांतील हवेचे नमुने घेण्यात आले. त्यांत सूक्ष्मजीव आढळले. दुसऱ्या प्रयोगातील तीन प्रजाती नव्या असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे त्याने सिद्ध होत नाही. एकाच परंपरेत कथा हा तर्काचा एक टप्पा आणि प्रयोग हा दुसरा टप्पा असू शकतो, एवढे मात्र ह्यातून दिसते. नारळीकर २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात २००६ पासून त्यांची पानिपतविषयक कथा इंग्रजी रूपात आली. तिच्यात परग्रह नाही, पण पर्यायी इतिहास आहे. मराठीत केलेला एक तर्क इंग्रजीच्या वर्गात पोहोचला, ही घटना दिशासूचक आहे.

६

लोणारचे विवर ह्या चर्चेला जमिनीवर आणते. बुलढाणा जिल्ह्यातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात मोडते. त्याच्या वाचनांचा इतिहास एखाद्या संहितेच्या वाचनांच्या इतिहासासारखा आहे. पुराणकथेने त्यात लवणासुराचे स्थान पाहिले. दैत्यसूदनाचे मंदिर त्या वाचनाची साक्ष देते. 'आइन-ई-अकबरी'ने वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात त्याची दखल घेतली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज निरीक्षकांनी ते नोंदविले, आणि सभोवार ज्वालामुखीजन्य खडक असल्यामुळे ते ज्वालामुखीचे मुख असावे हा तर्क दीर्घ काळ मान्य राहिला. १९७३ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकातील शोधनिबंधाने ते आघाताने निर्माण झाल्याचे पुराव्यांनिशी मांडले. त्याच्या वयाविषयीची अनुमाने आजही एकमेकांपासून फार दूर आहेत : एका पद्धतीने सुमारे बावन्न हजार वर्षे, तर दुसरीने पाच लाखांहून अधिक.

मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः अशाच बेसाल्ट खडकाचा असल्यामुळे लोणारचा अभ्यास मंगळावरील विवरांच्या संदर्भात होत आला आहे. त्यातील खारट व अल्कधर्मी पाण्यात सामान्य जीवांना जगणे कठीण. तरीही तेथे सूक्ष्मजीवांचे जग नांदते. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले तेव्हा त्याचे कारण मिठात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. जीवन कोणत्या परिस्थितीत अशक्य मानावे, ही सीमारेषा सरोवराच्या काठावर उभे राहून पुन्हा आखावी लागते. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला ह्यातून विज्ञानाचा पाठ मिळावा अशी अपेक्षा नाही. त्याला शिकावयाचे आहे ते हे, की दैत्य, ज्वालामुखी आणि उल्का ही तिन्ही वाचने एकाच खड्ड्याची आहेत, आणि त्यांतील एक वाचन सरस ठरले ते पुरावा अधिक चांगल्या रीतीने जुळवून घेतल्यामुळे.

७

ह्यावर एक आक्षेप अपरिहार्य आहे. साहित्याचा अध्यापक शास्त्रज्ञ नाही. त्याच्या हाती तर्क दिल्यास तो कल्पनाविलासात परिणत होईल. आक्षेप गंभीर आहे. १९९५ मध्ये सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती फिरणारा पहिला बाह्यग्रह सापडला. आज अशा ग्रहांची संख्या काही हजारांवर गेली आहे. त्यांविषयी काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, हे सांगण्याचा अधिकार साहित्याच्या अध्यापकाला नाही. परंतु माहीत असणे आणि माहीत नसणे ह्यांमधील प्रदेश भाषेत कसा व्यक्त होतो, हे सांगण्याचा अधिकार त्याचाच आहे.

'तेथे पाणी असेल', 'तेथे पाणी असावे' आणि 'तेथे पाणी असते तर' ही तीन मराठी वाक्ये घ्यावीत. पहिले वाक्य शक्यता सांगते. दुसऱ्यात कोणत्या तरी खुणेवरून केलेले अनुमान आहे. तिसरे पाणी नाही हे गृहीत धरून त्याच्या अभावाचा विचार करू लागते. मो. के. दामले ह्यांच्या व्याकरणाने (१९११) विध्यर्थ आणि संकेतार्थ ह्या रूपांची बारकाईने चर्चा केलेली आहे. इंग्रजीत 'मे', 'माइट', 'मस्ट' आणि 'वुड' ह्या साहाय्यक क्रियापदांकडे हे काम आहे; परंतु दोन्ही भाषांतील विभागणी जुळत नाही. 'असावे' ह्याचे भाषांतर कधी 'मस्ट'ने होते, कधी 'प्रॉबब्ली' जोडून. प्रत्येक वेळी खात्रीची मात्रा बदलते. विद्यार्थी ही साहाय्यक क्रियापदे रिकाम्या जागा भरण्यासाठी शिकतो. एखाद्या कल्पित ग्रहावरील जीवाचे वर्णन त्याला लिहावयास सांगितले, त्या ग्रहाचे गुरुत्व, उजेड आणि पाणी ही गृहीतके आधी ठरवून दिली, आणि प्रत्येक वाक्याची खात्री किती हे त्याला स्वतःला ठरवावे लागले, तर हीच क्रियापदे विचाराची अवजारे होतात. अशा लेखनाला मार्गदर्शिकेत तयार उत्तर सापडणार नाही. गृहीतकाशी विसंगत वाक्य मात्र अध्यापकाला निश्चितपणे दाखविता येईल. म्हणजे ह्या अभ्यासात मोकळीक आहे तशी शिस्तही आहे.

परीक्षेच्या चौकटीत हे बसविणे कठीण आहे, ही अडचण खरी आहे. परंतु तिचे स्वरूप ओळखले पाहिजे. ही अडचण वेळेची किंवा गुणदानाची असण्याआधी विश्वासाची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणारा, घरी वऱ्हाडी किंवा कोरकू बोलणारा विद्यार्थी इंग्रजीत काही सांगू शकेल हे व्यवस्थेने मान्य केले आहे. तो इंग्रजीत काही योजू शकेल, न पाहिलेल्याविषयी जबाबदारीने विधान करू शकेल, हे मान्य होण्यास अद्याप अवकाश आहे. अकोल्याच्या आयुक्ताला जी मुभा होती, ती अकोल्याच्या विद्यार्थ्याला मिळालेली नाही.

मिल्टनच्या देवदूताने ॲडमला दिलेला सल्ला प्रेमाचा होता. त्यात मत्सर नव्हता. आपल्या वर्गांतूनही असाच प्रेमाचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला : नेमलेले वाचावे, विचारलेले लिहावे, पलीकडच्या जगांची चिंता करू नये. परंतु तो सल्ला देण्यापूर्वी देवदूताने ॲडमचा प्रश्न पूर्ण ऐकून घेतला होता, आणि चंद्रावरील शेतांची शक्यता त्याच्यासमोर ठेवली होती. वऱ्हाडातील इंग्रजीच्या अध्यापनाला आठव्या सर्गाचा निदान तेवढा भाग वाचण्यास हरकत नसावी.